माळ्यावरचा व्हिडिओ गेम आणि पडद्यावरचे दोन पट्टे

दिवाळीची साफसफाई करताना जुन्या नाशकातल्या आजोळच्या वाड्याचा माळा रिकामा केला आणि पत्र्याच्या पेटीत आमचा व्हिडिओ गेम सापडला. दोन रिमोट, एक प्लॅस्टिकची बंदूक आणि कॅसेटचा ढीग. भाच्याने सगळं सिडकोतल्या घरी आणून टीव्हीला जोडलं. पिक्चर आलं, पण त्यावरून दोन काळपट आडवे पट्टे सावकाश वर सरकत होते आणि स्पीकरमधून घरघर येत होती. "मामा, चिप गेलीय याची," भाचा म्हणाला. दुरुस्तीच्या एका दुकानातही हेच उत्तर मिळालं: चिप मिळत नाही, टाकून द्या.

मला ते पटलं नाही. नव्वदच्या दशकात आपल्या घरांत आलेले असे बहुतेक गेम म्हणजे निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉमच्या नकला. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आला. त्यात गेम चालवणारी एक आयसी, म्हणजे चिप, होती आणि चित्र काढणारी दुसरी. नकला करणाऱ्यांनी पुढे या दोन्ही एकाच चिपमध्ये बसवल्या आणि वर काळ्या लांबीचा (पुट्टीचा) गोळा थापला. तो गोळा खरंच गेला तर इलाज नाही. पण बंद पेटीत पडून राहिलेली चिप सहसा मरत नाही. तिच्यात हलणारं काही नाही आणि सुकणारंही काही नाही. म्हातारे होतात ते शेजारचे भाग: हवा लागणारे पितळी कॉन्टॅक्ट, दाबून दाबून थकलेलं रबर, वाकून वाकून तुटलेली तार आणि ओलसर पोटाचे कंडेन्सर. म्हणून शोध तिथूनच सुरू करावा. आमच्या बाबतीत तर पडद्यावरचे पट्टेच पत्ता सांगत होते.

घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. ॲडॅप्टर तिचा दाब उतरवतो आणि चार डायोड तिला एकाच दिशेने वळवतात. त्यातून सरळ धार निघत नाही, सेकंदाला १०० उसळ्या निघतात. दोन उसळ्यांमधला खड्डा कंडेन्सर भरून काढतो. नाशिककरांना हे समजावून सांगायला नको: नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं, पण गच्चीवर टाकी असल्यामुळे घरातला नळ दिवसभर चालतो. कंडेन्सर ही तशीच टाकी, सेकंदाला १०० वेळा भरणारी आणि १०० वेळा उपसली जाणारी.

आता थोडा हिशोब. गेम ०.३ अँपिअर घेतो असं धरू. उसळीचा माथा १२ व्होल्ट आणि टाकी १००० मायक्रोफॅरडची (मायक्रोफॅरड हे कंडेन्सरच्या मापाचं एकक). दोन उसळ्यांमधल्या एका शतांश सेकंदात दाब ३ व्होल्टने उतरून ९ वर येतो. पुढे ७८०५ नावाची तीन पायांची आयसी बसलेली असते. तिला किमान ७ व्होल्ट मिळाले की ती बरोबर ५ व्होल्ट देत राहते. कंडेन्सर सुकून ५०० मायक्रोफॅरडवर आला, की उतार दुप्पट, म्हणजे ६ व्होल्टचा होतो. दाब ६ वर येतो, ७८०५ ला तो पुरत नाही आणि चिपला ५ ऐवजी क्षणभर जेमतेम ४ व्होल्ट मिळतात. हे सेकंदाला १०० वेळा घडतं. आपल्याकडच्या पद्धतीत चित्र सेकंदाला ५० वेळा रंगवलं जातं. म्हणजे दर चित्रात दोन खड्डे, म्हणून दोन पट्टे! महावितरणचे ५० आणि गेममध्ये ठेका धरणाऱ्या क्रिस्टलचे ५० तंतोतंत एक नसतात; त्या किंचित फरकामुळे पट्टे सरकत राहतात. पट्टा एकच असता, म्हणजे उसळ्या सेकंदाला ५०च उरल्या असत्या, तर मी आधी डायोडवर संशय घेतला असता. एवढी माहिती खोकं उघडायच्या आधी मिळते, हे मला आजही फार विलक्षण वाटतं.

कंडेन्सर सुकतो कशाने? त्याच्या पोटात ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची वळकटी आणि द्रवाने भिजलेला कागद असतो. वर्षानुवर्षं तो द्रव बुडाच्या रबरी बुचातून उडून जातो. तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर काय होत असेल!

खोकं उघडलं. ७८०५ च्या ५ व्होल्ट बाहेर देणाऱ्या पायावर मल्टिमीटर ४.६ दाखवत होता, आणि तो दाखवतो ती सरासरी. खड्डे त्याहून खोल. शेजारच्या कंडेन्सरचं बूड फुगलं होतं. एमजी रोडवरून १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा, १०५ अंश छापलेला कंडेन्सर दहा-पंधरा रुपयांत मिळाला. अंगावरचा पांढरा पट्टा म्हणजे उणे टोक; ते उलटं लागलं तर कंडेन्सर फुटू शकतो, म्हणून डाग देण्याआधी (सोल्डर करण्याआधी) दोनदा पाहिलं. चालू केल्यावर मीटरवर ५.०२. पट्टे गेले, घरघर थांबली. ॲडॅप्टरमध्येही असाच एक कंडेन्सर असतो, पण तिथे २३० व्होल्ट खेळतात. तो बिघडला तर तेवढ्याच व्होल्टचा आणि त्याच पोलॅरिटीचा दुसरा ॲडॅप्टर घ्यावा.

मग एका कॅसेटवर संगीत नीट वाजायचं, पण चित्राच्या चिंध्या व्हायच्या. लहानपणी आपण अशा वेळी फुंकर मारायचो. फुंकरीने ओलावा आत जातो आणि पितळ काळवंडतं. फरक पडायचा तो कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे; त्या घासण्याने कॉन्टॅक्ट मोकळा व्हायचा. कॅसेटच्या ६० पट्ट्यांतल्या काही गेमच्या सूचना वाहतात आणि काही वेगळ्या पट्ट्या फक्त चित्रांची माहिती. सूचनांची पट्टी अडली तर गेम सुरूच होत नाही. संगीत चालू आणि चित्र विस्कटलेलं असेल, तर दोष बहुधा चित्राच्या बाजूला. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा फिरवला, तो काळाकुट्ट होऊन निघाला. तिसऱ्या बोळ्याला चित्र जागेवर आलं.

एका रिमोटचा आजार मात्र गमतीचा होता. 'ए' दाबलं की गेम थांबायचा, आणि इतर बटणांना दादच नाही. मूळ रिमोटमध्ये ४०२१ ही आयसी असते. आठ बटणांची स्थिती ती एकदम टिपते आणि एकाच तारेवरून एकामागून एक पाठवते: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, मग चार दिशा. 'पुढचं सांग' हा इशारा क्लॉकच्या तारेवरून येतो. तो आलाच नाही तर रिमोट आठही वेळा 'ए'चंच उत्तर देत राहतो. 'ए' दाबलं की गेमला वाटतं स्टार्टही दाबलंय! तार रिमोटमध्ये शिरते तिथेच, बोटभर आत, तुटलेली निघाली. तेवढा तुकडा कापून पुन्हा डाग दिला.

राहिली बंदूक. नव्या टीव्हीवर तिचा नेम लागत नाही, पण तिच्यात काहीच बिघडलेलं नाही. बदकं टिपायच्या गेममध्ये चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड शोधतो. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही सिग्नल येईल तसा पडदा रंगवायचा. नवा टीव्ही चित्र आधी साठवतो, त्यावर प्रक्रिया करतो आणि काही मिलिसेकंद उशिरा दाखवतो. तोवर गेमने "लागला नाही" असं ठरवलेलं असतं. पंचवटीत मावशीकडे जुना टीव्ही अजून चालू आहे. भाऊबीजेला बंदूक तिकडे न्यायचं ठरलंय. भाच्याला एवढंच बजावलंय की त्या टीव्हीचं मागचं झाकण उघडायचं नाही. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहू शकतात.