अपघात-नोंदींवरून प्रशिक्षणाची गरज ठरविणे

कामाच्या ठिकाणी झालेल्या दुखापतींच्या नोंदी तपासून कोणत्या कामगारांना कोणते सुरक्षा-प्रशिक्षण द्यावे, हे निश्चित करण्याची पद्धत. इजेचा प्रकार, यंत्र, चालू असलेले काम, पाळी, कामगाराचा त्या कामातील अनुभव आणि बुडालेले दिवस हे तपशील त्यासाठी लागतात.

विभागांची तुलना निव्वळ संख्येवरून होत नाही. कामाच्या तासांशी प्रमाण काढावे लागते. ५०,००० तासांत ४ अपघात झालेल्या विभागाची वारंवारता दर १० लाख तासांमागे ८० येते, तर ५ लाख तासांत १० अपघात झालेल्या विभागाची २०. अमेरिकेत आता २ लाख तासांचा आधार घेतात (१०० कामगार, आठवड्याला ४० तास, वर्षाला ५० आठवडे).

प्रशिक्षणावर एवढा भर येण्याचे मूळ बहुधा विमा क्षेत्रातील हर्बर्ट विल्यम हाइनरिक यांच्या १९३१ मधील मांडणीत असावे. सुमारे ७५,००० प्रकरणांवरून त्यांनी ८८ टक्के अपघात असुरक्षित कृतींमुळे, १० टक्के असुरक्षित परिस्थितीमुळे घडतात आणि २ टक्के अटळ असतात, असा निष्कर्ष काढला. एका गंभीर इजेमागे २९ किरकोळ इजा व ३०० इजाविरहित घटना हे गुणोत्तरही त्यांचेच. विमा क्षेत्रातीलच फ्रँक बर्ड यांनी १९६९ मध्ये २९७ कंपन्यांकडील १७,५३,४९८ नोंदी तपासून १:१०:३०:६०० (गंभीर इजा : किरकोळ इजा : मालमत्तेची हानी : इजा वा हानी न झालेल्या घटना) अशी श्रेणी दिली. हाइनरिक यांची मूळ कागदपत्रे नंतरच्या अभ्यासकांना तपासता आली नाहीत. शिवाय ती प्रामुख्याने विम्याचे दावे व कारखान्यांतील अहवाल यांवर आधारलेली होती, आणि प्रत्येक अपघाताला एकच मुख्य कारण लावलेले होते. किरकोळ इजा घटल्या की गंभीर अपघातही त्याच प्रमाणात घटतील, हे गृहीतकही आता सहसा धरले जात नाही. ८८ टक्क्यांच्या आकड्यावरून प्रशिक्षणाची आखणी करणे म्हणूनच धोक्याचे ठरते. यंत्राचे गार्डच (संरक्षक आवरण) काढून ठेवलेले असेल, तर बोट तुटण्याचा दोष कामगाराच्या अज्ञानावर टाकणे अन्यायाचे आहे.

एखादी चूक नवख्यांकडूनच होत असेल, तर रुजू होतानाचे प्रशिक्षण अपुरे पडत असल्याचा संशय घेता येतो. तीच चूक अनुभवी कामगारांच्या हातूनही घडत असेल, तर कामाचा वेग, अवजारे किंवा यंत्राची रचना आधी पाहावी. लहान आस्थापनांत वर्षाकाठी दोन-तीनच नोंदी होत असल्याने थोडक्यात टळलेले अपघातही विचारात घेतात. शून्य अपघातांना बक्षीस जोडलेले असल्यास इजा लपविल्या जातात आणि नोंदींचा उपयोग उरत नाही.