गंज दिसतो एकीकडे, खातो दुसरीकडे

जीपच्या मागच्या तळपत्र्यावरचा रंग शाबूत होता. फक्त कडेला रुपयाएवढा एक फोड आला होता. स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवून जरासं दाबलं, तर ते मुठीपर्यंत आत गेलं. खाली पत्रा उरलाच नव्हता. कुणीतरी पूर्वी भोकात लांबी (पुट्टी) भरून, पॉलिश पेपर मारून, वरून रंग दिला होता.

ही विलीज या अमेरिकन कंपनीच्या जीपच्या घराण्यातली सीजे-३बी. अमेरिकेत टोलेडोला ती १९५३ मध्ये निघाली आणि १९६८ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. आपल्याकडे मात्र, १९४० च्या दशकाच्या अखेरीस माझगावला जीपची जुळणी सुरू करणाऱ्या महिंद्राने ती पुढे कितीतरी वर्षं बनवली. उंच बॉनेटवरून ती लांबूनही ओळखू येते. इंजिन आधीच्या जीपपेक्षा उंच झालं, म्हणून बॉनेटही वर न्यावं लागलं. माझ्यासमोरच्या गाडीने रत्नागिरीच्या बाजूला, खाऱ्या वाऱ्यावर पावसाळ्यामागून पावसाळे काढलेत. अशी गाडी उभी करायची, तर गंज नेमका कुठे आहे हे आधी कळायला हवं. ते नुसतं बघून कळत नाही.

का कळत नाही, ते मिठाच्या पाण्याच्या एका थेंबात दिसतं. केंब्रिजमध्ये गंजाचे अभ्यासक यू. आर. एव्हान्स यांनी १९२० च्या दशकात केलेला हा प्रयोग आजही कॉलेजच्या प्रयोगशाळेत करता येतो. पोलादाचा पत्रा घासून लखलखीत करायचा आणि त्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा. पाण्यात दोन रसायनं मिसळलेली असतात: लोखंड विरघळलं की निळं होणारं पोटॅशियम फेरिसायनाइड आणि अल्कली तयार झाली की गुलाबी होणारं फिनॉल्फ्थॅलीन. सुरुवातीला निळे-गुलाबी ठिपके कुठेही उमटतात. थोड्या वेळाने मात्र ते मार्गी लागतात. थेंबाचा मध्य निळा होतो आणि कडेने गुलाबी कडं धरतं.

कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मध्यभागी पोचत नाही. लोखंड विरघळतं ते मध्यभागी, म्हणजे जिथे ऑक्सिजन कमी तिथे. त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन धातूतूनच कडेकडे जातात आणि तिथे पाणी व ऑक्सिजन यांच्याशी मिळून अल्कली तयार करतात. तांबडा गंज साचतो तो या दोन जागांच्या मध्ये. खड्डा एका जागी पडतो, गंज दुसऱ्या जागी बसतो.

आता हा थेंब जीपएवढा करून बघा. दोन पत्रे एकावर एक ठेवून स्पॉट वेल्डिंग केलेला सांधा, चासीच्या पट्टीत वाळून बसलेला चिखल, तळपत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांची पोकळी, या सगळ्या जागी पाणी शिरतं आणि हवा मात्र जेमतेम पोचते. धातू खाल्ला जातो तो तिथेच. महायुद्धातल्या जीपमध्ये तर तळाखालच्या पट्ट्यांत बळकटीसाठी लाकूड बसवलेलं असे. ते ओलावा धरून ठेवी आणि पट्टी आतून पोखरली जाई. रंगाच्या फोडाचं कारणही त्या गुलाबी कड्यात आहे. कडेला तयार झालेली अल्कली रंगाची पत्र्यावरची पकड सोडवते, पापुद्रा उचलला जातो आणि पाण्याला आणखी आत शिरायला वाट मिळते.

शिवाय गंजाला लोखंडापेक्षा जागा जास्त लागते, दुपटीहून अधिक. दोन पत्र्यांच्या फटीत तो फुगतो तेव्हा सांधा पाचर ठोकल्यासारखा उकलतो. चासीला रिव्हेट केलेली जोडपट्टी दोन रिव्हेटांच्या मध्ये फुगलेली दिसली, तर आत काय चाललंय ते उघडायच्या आधीच ओळखावं.

म्हणून चासी हातोडीने वाजवून बघायची. धड पोलाद खणखणतं, खाल्लेलं बद्द वाजतं. बद्द वाजेल तिथे खूण करायची. तळपत्रा कापण्याआधी बॉडीला आडवे-तिरपे अँगल वेल्ड करून ठेवावे लागतात, नाहीतर कापल्यावर दारांच्या जागा फाकतात. चासीचे दोन्ही कर्ण टेपने मोजून सारखे आहेत ना, तेही आधीच बघून घ्यायचं. ठिगळ कुजक्या पत्र्यावर नको. चकचकीत धातू लागेपर्यंत कापत जायचं. चासीच्या पट्टीवर उभी सरळ वेल्डिंग शक्यतो टाळतात. वेल्डिंगच्या उष्णतेने बदललेला धातू मग एकाच रेषेत येतो आणि सगळा ताण त्याच रेषेवर पडतो. ठिगळाची टोकं शंकरपाळ्यासारखी निमुळती केली की तो विभागला जातो.

गंज काढायचे मार्ग अनेक. चासीला सँडब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेने कठीण कणांचा मारा, उत्तम, पण बॉडीचा पातळ पत्रा त्या माऱ्याने पिळवटतो. साध्या वाळूची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, त्यामुळे ती वाळू वापरूच नये. छोटे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, बॅटरी चार्जरचं ऋण टोक भागाला आणि धन टोक टाकाऊ लोखंडाला जोडलं की गंज सुटतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हायड्रोजन निघतो म्हणून हे काम उघड्यावरच करायचं. साखर कारखान्यातली मळी नऊ-दहा पट पाण्यात कालवून त्यात भाग आठवडेच्या आठवडे बुडवून ठेवणारेही आहेत. वास भयंकर, पण चांगल्या पोलादाला फारसा धक्का लागत नाही. स्प्रिंगचे पाटे मात्र आम्लात किंवा विजेच्या टाकीत घालू नयेत. कडक पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होतं.

जिथे हात पोचत नाही तिथे ‘रस्ट कन्व्हर्टर’ लावतात. त्यातल्या टॅनिक आम्लाचा गंजाशी संयोग होऊन निळसर काळा थर बनतो. हिरड्यातलं टॅनिन आणि लोह यांच्यापासून काळी शाई करायचे, तीच ही क्रिया. मला या थराचा रंग फार आवडतो, पण त्याच्यावर विसंबून राहणं मला पटत नाही, कारण तो मिठाला हात लावत नाही.

कोकणातल्या गाडीचा खरा शत्रू मीठच. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून आपणच विरघळतं. तिथल्या पावसाळ्यात आर्द्रता त्याखाली क्वचितच उतरते, म्हणजे पाऊस थांबला तरी खड्ड्यातलं पोलाद ओलंच. मिठातलं क्लोराइड खड्ड्याच्या तळाशी जाऊन बसतं. ते काढण्यासाठी वस्तुसंग्रहालयांतले तज्ज्ञ उत्खननातलं लोखंड अल्कली द्रावणात महिनोन् महिने बुडवून ठेवतात. जीपला ते शक्य नाही, पण ब्लास्टिंगनंतर सोड्याच्या गरम पाण्याने ब्रशने घासून धुणं शक्य आहे. शेवटचं पाणी बॅटरीचं डिस्टिल्ड घ्यायचं आणि ओघळलेल्या त्या पाण्यातलं थोडं परीक्षानळीत घ्यायचं. त्यात नायट्रिक आम्लाचे काही थेंब टाकून सोडा मोडायचा, नाहीतर सोड्यामुळेही साका येतो. मग सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकायचा. पाणी दुधाळ झालं तर मीठ शिल्लक आहे. या चासीला पहिल्या तीन धुण्यांत नळी दुधाळच होत राहिली. पाचव्या वेळी पाणी नितळ राहिलं.

त्यानंतर मात्र घाई करावी लागते. कोरडं, उघडं पोलाद काही तासांत तांबूस पडायला लागतं. म्हणून त्याच दिवशी जस्तयुक्त प्रायमर. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः विरघळतं, त्यामुळे रंगाला ओरखडा पडला तरी पोलाद काही काळ वाचतं. जुना प्रायमर खरवडताना मात्र तोंडाला मास्क हवा आणि पॉलिश पेपर ओला करून घासायचा. पूर्वी प्रायमरमध्ये शेंदूर, म्हणजे शिशाचं ऑक्साइड घालत, आणि त्याची धूळ विषारी असते.

रंग वाळल्यावर पोकळ पट्ट्यांत लांब नळीने मेण सोडलं. तळाची निचऱ्याची भोकं आधी चिखलाने बुजलेली होती, ती ड्रिलने पुन्हा मोकळी केली होती. नळी आत सरकवत दाबत गेलो, तसं एकेका भोकातून पिवळं मेण ठिबकायला लागलं. चालकाच्या बाजूचं मागचं भोक तेवढं कोरडं राहिलं. तिथे आणखी एक पडदी होती. तिला भोक पाडलं, नळी पुन्हा घातली, आणि मग तिथूनही मेण आलं.