दिसतं ते चित्र, ठरते ती खूण

विजेच्या डीपीवर कवटी आणि दोन हाडं रंगवलेली असतात. एक्स-रेच्या खोलीच्या दारावर पिवळ्या पाटीत मधे टिंब आणि भोवती तीन पाती असतात. दोन्ही पाट्या धोक्याच्या. दोन्ही चित्रं अक्षरओळख नसलेल्यालाही कळावीत, अशी आपली समजूत. पण ही समजूत फार तर पहिल्या पाटीला लागू पडते.

कवटी कवटीसारखी दिसते. तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स यांनी खुणांची जी वर्गवारी केली, तिच्यात अशा चित्राचा अर्थ साधर्म्यातून येतो. तीन पाती मात्र किरणोत्सारासारखी दिसत नाहीत. दिसणार तरी कशी? किरणोत्सार डोळ्यांना दिसतच नाही. १९४६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या प्रयोगशाळेत ही आकृती ठरली आणि पुढे जगाने ती मान्य केली. तिचा अर्थ आकृतीत नाही, या मान्यतेत आहे. ज्याला कोणी सांगितलंच नाही, त्याला ती पंख्याची पाती वाटली तर त्याची चूक नाही.

अशी खूण कमअस्सल असते असं मात्र नाही. दवाखान्यातल्या जैव कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीवरचं, एकमेकांत अडकलेल्या वळ्यांचं चिन्ह बघा. १९६६ च्या सुमारास डाऊ केमिकलमध्ये ते तयार झालं, तेव्हा लोकांना वेगवेगळ्या आकृत्या दाखवून चाचणी घेतली होती. हवी होती अशी आकृती, जी पक्की लक्षात राहील पण जिच्यातून आधीचा कुठलाच अर्थ निघणार नाही. कोरी आकृती असली की तिला हवा तो एकच अर्थ शिकवता येतो. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. अट एवढीच, की शिकवायची जबाबदारी कोणीतरी घेतली पाहिजे.

ती कोणी घेत नाही तिथे काय होऊ शकतं, याचा अंदाज भंगारबाजारात येतो. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठातलं, कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ असलेलं एक जुनं यंत्र लिलावातून मायापुरीच्या भंगारवाल्यांकडे पोचलं आणि तिथे ते फोडलं गेलं. किरणोत्साराने एकाचा जीव गेला, इतर काही जण आजारी पडले. यंत्र तोडायला बसलेल्या माणसाला तीन पाती काय सांगणार? त्याला ती कोणी शिकवलेली नसतात.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने याच अडचणीसाठी २००७ साली एक पूरक चिन्ह आणलं. लाल त्रिकोणात वर तीन पाती, त्यांतून खाली येणाऱ्या लहरी, एक कवटी, एक बाण आणि पळणारा माणूस. भारतासह ११ देशांतल्या १,६५० लोकांना दाखवून ते पारखलं होतं. इथे दोन्ही जाती एकत्र आल्या आहेत. पाती ठरवलेली, कवटी आणि माणूस दिसणारे. बाण अधलामधला: 'या दिशेने' हा त्याचा अर्थ इतका अंगवळणी पडलाय, की तोही कधीतरी शिकावा लागला होता हे आठवतही नाही.

आणि कवटीचं काय? ती कवटी आहे हे कोणालाही दिसतं. 'पुढे गेलास तर मरशील' हे मात्र थोडंफार शिकलेलंच असतं. लहान मुलाला तिच्यात गोष्टीतला समुद्री चाचाही दिसेल. म्हणजे साधर्म्याने ओळख पटते, सगळा अर्थ हाती लागतोच असं नाही. पळणारा माणूस त्या मानाने जास्त स्पष्ट, कारण तो काय करायचं तेच करून दाखवतो.

हे नवं चिन्ह दारांवर लावण्यासाठी नाही. ते यंत्रावर अशा जागी बसवायचं असतं, की नेहमीच्या वापरात दिसत नाही. कोणी यंत्र उघडायला घेतलं तरच समोर येतं. एक्स-रेच्या दारावर तीन पातीच राहतात, कारण तिथे अर्थ सांगायला माणूस हजर असतो.