हँडहेल्ड कॉम्प्युटर (दुर्गम भागातलं फील्डवर्क)

हातात मावेल असा, सेलवर चालणारा छोटा कॉम्प्युटर घेऊन गावात नाहीतर जंगलात जायचं आणि माहिती तिथल्या तिथे भरायची, ही कामाची पद्धत स्मार्टफोन यायच्या आधीची. 1991 चा सायॉन सीरीज 3, 1994 चा एचपी 200एलएक्स, 1996 चा पायलट, ज्याला पुढे सगळे पामच म्हणायला लागले, ही त्यातली गाजलेली मशीनं.

विदर्भाच्या हिशोबाने पाहिलं तर यांची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सेल. सायॉन आणि एचपीला दोन साधे पेन्सिल सेल लागायचे, जे भामरागड काय न् धारणी काय, किराणा दुकानात मिळून जातात, लोडशेडिंग असो नाहीतर पर्लकोटा नदीला पूर येऊन रस्ता बंद असो, काम थांबत नाही. पामला बारीक सेल लागायचे आणि डेटा सगळा रॅममध्ये, म्हणजे सेल बदलताना मिनिटभराच्या वर वेळ लागला की दिवसभराची मेहनत गेली, म्हणून नवे सेल हातात तयार ठेवूनच जुने काढायचे. 1999 च्या पाम फाइव्हमध्ये आतलीच चार्जिंगची बॅटरी आली, दिसायला देखणं मशीन, पण टोल्यावर, म्हणजे आडवळणाच्या छोट्या वस्तीवर, मुक्काम असेल तर ते न्यायचं नाही असंच मी म्हणेन. काळ्या-करड्या स्क्रीनला मात्र तोड नव्हती, मे महिन्याच्या उन्हात नंतर आलेल्या रंगीत स्क्रीनपेक्षा त्याच नीट वाचता यायच्या. पावसाळ्यात पाम प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून त्यावरूनच स्क्रीनवर काडीने टिचकी मारायची.

पण खरा फायदा वेगळाच आहे बाप्पा, चूक समोरच्या माणसासमोरच पकडली जाते. समजा मेळघाटात पोराचं वजन 8.2 किलो आहे आणि घाईत 82 पडलं, तर कागदावर ते तसंच राहतं, महिन्याभराने ऑफिसात डेटा एन्ट्रीवाल्याला दिसतं, तोवर मायबाप पोराला घेऊन कामासाठी बाहेर गेलेले असतात, विचारायचं कोणाला? मशीन मात्र तिथेच अडवते आणि वजनकाटा अजून झाडालाच टांगलेला असतो. अर्थात हे तेव्हाच, जेव्हा फॉर्म बनवणाऱ्याने मर्यादा आधी घालून ठेवल्यात. मूळ सिस्टीममध्ये देवनागरी नव्हती, त्यामुळे गावाचं नाव लिहू न देता यादीतून निवडायला लावणं हाच शहाणपणा, नाहीतर रोमनमध्ये एकाच गावाची चार स्पेलिंग होतात आणि जुळवता जुळवता जीव जातो.

वाचता न येणाऱ्यांसाठीचा सगळ्यात सुंदर प्रयोग दक्षिण आफ्रिकेत झाला. लुई लिबेनबर्ग यांच्या सायबरट्रॅकर या सॉफ्टवेअरमध्ये 1990 च्या दशकात प्राण्यांची चित्रं दाबून नोंद व्हायची आणि जीपीएसवरून जागा आपोआप लागायची, म्हणजे माग काढणाऱ्या माणसाचं ज्ञान कोणा शिकलेल्या मधल्या माणसाशिवाय थेट नोंदीत. जीपीएसमधला मुद्दाम ठेवलेला घोळ अमेरिकेने मे 2000 मध्ये काढला, त्याआधी 100 मीटरपर्यंत फरक पडायचा, एवढ्यात टोला नाल्याच्या पलीकडे दिसू शकतो.

आपल्याकडे बंगळुरूचा सिम्प्युटर आला, लिनक्सवर चालणारा, स्मार्टकार्डमुळे एकच मशीन अनेकांनी वापरावं असा. कल्पना फार चांगली होती पण बाजारात चाललं नाही. 2011 च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणनेत मात्र कागदाऐवजी भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले छोटे टॅब्लेट घरोघरी गेले. व्याघ्र प्रकल्पांमधली गस्तीची नोंद आता एम-स्ट्राइप्स या ॲपवर होते, वनरक्षकाच्या फोनमधूनच.