दसऱ्याला आम्ही मोकळे, दिवाळीला ते : सीमाभागातल्या सुट्ट्या आणि मुलांचे वाढदिवस

२०२५ ची दिवाळी घ्या. कर्नाटकच्या सरकारी यादीत सुट्टी होती २० ऑक्टोबरला, नरक चतुर्दशीची, आणि मग २२ ला, बलिप्रतिपदेची. मधला लक्ष्मीपूजनाचा मंगळवार यादीत नव्हता. महाराष्ट्राच्या यादीत २१ ला लक्ष्मीपूजन, २२ ला पाडवा आणि वर २३ ला भाऊबीज. नरक चतुर्दशी मात्र नाही. बेळगावची बहीण आणि कोल्हापूरचा भाऊ दोघेही नोकरदार असले, तर एवढ्या मोठ्या सणातला एकच दिवस दोघांच्या वाट्याला एकदम आला, आणि तो काही भाऊबिजेचा नव्हे.

सीमाभागातल्या मराठी घरांत लहान मुलांचे वाढदिवस गेल्या पंधरा-वीस वर्षांत एवढे का फुगले, याचं उत्तर सहसा बाजारात आणि मोबाइलमध्ये शोधलं जातं. ते खोटं नाही, पण निम्मं आहे. उरलेलं निम्मं या याद्यांमध्ये आहे असं मला वाटतं.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. मुलाचा वाढदिवस तिथीने व्हायचा, म्हणजे घरात कुणी तिथी लक्षात ठेवली असेल तर. सकाळी तेल लावून अंघोळ, देवाला नमस्कार, आईने केलेलं औक्षण, वाटीत शिरा, शेवयांची खीर. पाहुणे बोलवायची पद्धत नव्हती. मुलासाठी माणसं जमायची ती बारशाला, उष्टावणाला, जावळ काढायला. ते सगळं दोन-तीन वर्षांत आटपलं की पोर मोठ्यांच्या सणांत मिसळून जायचं. बेळगाव तालुक्यातल्या खेड्यांत खरी गर्दी लक्ष्मीच्या यात्रेला. ती दरवर्षी नसते, गावागावाच्या रिवाजाप्रमाणे काही वर्षांच्या अंतराने भरते, आणि तेव्हा लेकीसुना, जावई, त्यांचे शेजारी असे घरात मावणार नाहीत एवढे लोक येतात. आमच्या आज्जीला वडिलांची जन्मतारीख माहीत नव्हती. ‘यात्रेच्या आदल्या साली झालंय की ते,’ एवढंच ती सांगायची, आणि तिच्या दृष्टीने ते पुरेसं अचूक होतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली आणि त्यातून महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद उभा राहिला; तो सगळा इतिहास इथे पुन्हा सांगत बसत नाही. या विषयापुरता त्यातला एक तपशील महत्त्वाचा आहे. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यात बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे, गेला तो ‘चंदगड तालुका वगळून’; चंदगड आज महाराष्ट्रात आहे. त्या तीन शब्दांनी एकाच जिल्ह्यातले सोयरे दोन राज्यांत गेले. तोवर बेळगाव, चंदगड, निपाणी, खानापूर सगळं मुंबई राज्यातच होतं. चंदगडच्या मुली बेळगावात दिलेल्या आणि बेळगावच्या चंदगडात, हे आधीही होतं, नंतरही चालू राहिलं. लग्नांना सीमा लागू झाली नाही. शाळांना झाली.

आणि शाळांना लागू झाली म्हणजे मुलांच्या सुट्ट्यांना झाली. सीमावादावर लिहिणारे लोक भाषा, फलक, खटले यांवर भरपूर लिहितात. सुट्टीच्या वेळापत्रकाकडे कुणाचं लक्ष जात नाही. कारण उघड आहे, त्यावर मोर्चा निघू शकत नाही. पण घराघरांत त्याचा जाच सर्वांत जास्त आहे.

कर्नाटकात शाळेची मधली मोठी सुट्टी दसऱ्याची. नवरात्रात सुरू होते, अडीच-तीन आठवडे चालते. दिवाळीला मोजके दिवस. महाराष्ट्रात बरोबर उलटं : दसऱ्याला एक दिवस, दिवाळीला दहा-पंधरा दिवस. उन्हाळ्यातही तेच. इकडची, म्हणजे बेळगावकडची, मुलं एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मोकळी होतात आणि मेच्या अखेरीस दप्तर पाठीला लावतात. तिकडची मे महिन्यात मोकळी होतात आणि जूनच्या मध्याला शाळेत जातात. २०२५ मध्ये इकडे शाळा उघडल्या २९ मेला, कोल्हापुरात १६ जूनला. आंबे, करवंदं, फणस आणि मामाचं घर यांचा मेळ बसायला दोन्हीकडे मिळून जेमतेम चार आठवडे उरतात. त्यातच कुणाचं लग्न, कुणाचा उन्हाळी वर्ग. इथली मराठी माध्यमाची शाळासुद्धा राज्याचंच वेळापत्रक पाळते, त्यामुळे पोरगं मराठीत शिकतं म्हणून सुट्टी मराठी होत नाही.

यातून ‘दिवाळीची सुट्टी’ हा शब्द सीमाभागात फार गोंधळाचा झाला आहे. पुण्याची मावशी फोनवर म्हणते, ‘दिवाळीच्या सुट्टीत या रे सगळे,’ तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर पंधरा दिवस असतात. इथल्या मुलाच्या डोळ्यांसमोर चार. जुनी माणसं अजूनही ‘दिवाळीची सुट्टी’ म्हणतात आणि त्यांना अभिप्रेत असते ती ऑक्टोबरातली कुठलीही लांब सुट्टी. इंग्रजी शाळेतली मुलं ‘मिड-टर्म’ म्हणतात. दसऱ्याची सुट्टी म्हटलं की तिकडच्या भावंडांना वाटतं, एक दिवसाची कसली सुट्टी सांगतो हा? ठरवाठरवीत निम्मी भांडणं या शब्दावरून होतात, आणि प्रत्येकाला वाटतं की दुसरा मुद्दाम टाळतोय.

२०२५ ने यात अजून एक गाठ मारली. सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणाच्या कामाला शिक्षक लागले म्हणून कर्नाटकातल्या सरकारी आणि अनुदानित शाळांची ७ ऑक्टोबरला संपणारी दसरा सुट्टी १८ पर्यंत वाढवली गेली. विनाअनुदानित शाळांना ती वाढ नव्हती. सरकारी मराठी शाळेत जाणारा थोरला घरी आणि कॉन्व्हेंटमधली धाकटी वर्गात, असं चित्र एकाच घरात दिसलं. थोरल्याने त्या दिवसांत किल्ला बांधून काढला. धाकटीने त्यावर मावळे मांडायचा हक्क सांगितला आणि मग जे व्हायचं ते झालं.

किल्ल्याचं म्हणून वेगळं सांगायला हवं. बेळगावात दिवाळीचा किल्ला ही लहान मुलांची सर्वांत मोठी सार्वजनिक कामगिरी आहे. गल्लीगल्लीत माती, दगड, पोती, अळीव पेरून आणलेली हिरवळ. राजहंसगड शहरापासून हाकेच्या अंतरावर असल्याने तो करायला सोपा, पण मुलांना हवा असतो रायगड नाहीतर प्रतापगड. पूर्वी चुलत-मावस भावंडं जमून बांधायची. आता बांधतात गल्लीतली मुलं, आणि भावंडं व्हिडिओ कॉलवर ‘बुरूज वाकडा झालाय’ म्हणून सांगतात. पाडव्याला पाहुणे येतात तोवर किल्ला पूर्ण झालेला असतो. पाहुण्यांच्या मुलांना तो फक्त पाहायचा असतो, आणि तयार किल्ला नुसता पाहण्यात मुलांना काडीचा रस नसतो.

दसऱ्याला चित्र फिरतं. इकडची मुलं मोकळी, म्हणून तीच बॅग भरून कोल्हापूर-इचलकरंजीला जातात. तिथली भावंडं शाळेत. मग इकडचा मुलगा मामीबरोबर दिवसभर टीव्ही बघतो आणि संध्याकाळी मामेभाऊ दप्तर टाकून आल्यावर दोघांना दोन तास मिळतात. बेळगावात राहणारं मूल दसऱ्याला ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ म्हणतं आणि शेजारच्या कानडी घरी तेच बन्नीचं पान देऊन ‘बंगारधंग इरोण’ म्हणतं. हे कोल्हापूरच्या मावसबहिणीला फार गमतीचं वाटतं.

थोडक्यात, सणाला सगळे एकत्र जमणं या भागात अशक्य नाही, पण दरवेळी कुणीतरी रजा काढावी लागते, कुणाच्या तरी मुलाची शाळा बुडवावी लागते. तरुण जोडप्यांनी यावर काढलेली वाट म्हणजे वाढदिवस. त्याला सरकारी यादी नाही. तारीख मंगळवारी आली तरी जेवण पुढच्या रविवारी ठेवता येतं, आणि रविवार दोन्ही राज्यांत रविवारच असतो.

बोरन्हाण टिकलं तेही याच कारणाने. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, म्हणून त्यात हमखास दोन-तीन रविवार सापडतात. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे. बोरन्हाणाचे दागिने भाड्याने देणाऱ्यांना जानेवारीत उसंत नसते. (काळा कपडा कौतुकाने घालायचा तो संक्रांतीच्या या दिवसांतच. या शहरात काळ्या रंगाचा दुसरा अर्थ मुलाला थोडं मोठं झाल्यावर कळतो.)

येण्याजाण्याचा भाग वेगळाच. जून २०२३ पासून कर्नाटकातल्या महिलांना राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट नाही, त्यामुळे निपाणीची आत्या आधार कार्ड दाखवून फुकट येते. कोल्हापूरच्या आत्याला मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं, आणि इकडची मोफत सवलत तिला नाही. दोघी एकाच पुतण्याच्या वाढदिवसाला येतात आणि जेवताना हिशोब काढतात. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये बस अडवण्याचे, वाहकाला मारहाणीचे प्रकार झाले तेव्हा दोन्हीकडच्या गाड्या काही दिवस बंद होत्या. त्या आठवड्यांत किती केक कमी माणसांत कापले गेले याची नोंद कुठल्याही अहवालात येणार नाही. २०२१ मध्ये कोगनोळीच्या नाक्यावर आरटी-पीसीआरचा कागद मागत होते. सहा महिन्यांच्या बाळाला बघायला निघालेले आजोबा तिथून परत गेले, हे आमच्याच घरचं.

आता तारखेविषयी. सीमाभागातल्या पन्नाशीपुढच्या माणसांना वाढदिवस विचारा. १ जून हे उत्तर इतक्या वेळा येईल की हसू येईल. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने वर्ष धरायचं आणि तारीख १ जून लिहायची, हा प्रकार दोन्ही राज्यांत चालला. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, पण खेड्यांतल्या नोंदी सुधारायला पुढे बरीच वर्षं गेली. अशा आजोबांना आता नातवंडं १ जूनला केक भरवतात आणि ते निमूट खातात. माझ्या एका काकांनी मात्र ‘हा माझा नव्हे, मास्तरांचा वाढदिवस’ म्हणून चमचा परत केला होता.

गंमत अशी की तीच तारीख नव्या पिढीच्या मानगुटीवर बसली आहे. कर्नाटकात पहिलीत जायला १ जूनला सहा वर्षं पूर्ण हवीत, असा नियम २०२५-२६ पासून लागू व्हायचा होता. ऐनवेळी त्या एका वर्षापुरती पाच वर्षं पाच महिन्यांची सूट दिली गेली. ज्यांचं मूल जूनच्या पहिल्या आठवड्यातलं, त्या आईबापांनी ते महिने कसे काढले ते त्यांनाच विचारावं. बालवाडीतले सवंगडी पुढे गेले आणि आपलं पोर मागे राहिलं, तर सहाव्या वाढदिवसाला बोलवायचं कुणाला, हाही प्रश्न एका घरात गंभीरपणे चर्चिला गेला. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पुढे सगळीकडे जन्मदाखलाच मुख्य पुरावा धरला जाणार, त्यामुळे अंदाजाची १ जून आता संपली. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदलून ‘बेळगावी’ झालं, त्याच्या अलीकडे-पलीकडे जन्मलेल्या सख्ख्या भावंडांच्या दाखल्यांवर जन्मगाव दोन वेगळं दिसतं. घरात दोघेही बेळगावचेच.

केकचं फार सांगण्यासारखं नाही. कॅम्पात लष्कर आणि ख्रिस्ती वस्ती असल्यामुळे शहराला बेकरी नवी नव्हती, पण शाकाहारी घरांत केक शिरला तो मुख्यतः हासनकडच्या अय्यंगार मंडळींच्या बेकऱ्यांमुळे, कारण तिथे अंड्याशिवायचा मिळायचा. मेणबत्ती विझवण्यावर आज्ज्यांचा आक्षेप अजून आहे. बहुतेक घरांत तडजोड झाली : आधी निरांजनाने औक्षण, मग फुंकर. २०१६ मध्ये कर्नाटकाने थर्माकोलच्या ताटल्या आणि फ्लेक्स यांवर बंदी घातली, जुलै २०२२ पासून देशभर फुग्याच्या प्लास्टिक काड्या आणि सजावटीचं थर्माकोलही त्यात आलं. पत्रावळी परत आल्या, फ्लेक्स मात्र कुठल्या ना कुठल्या रूपात दिसतोच. पाहुण्यांना परत जाताना कुंडा, ही बेळगावची दुधाची मिठाई, द्यायचा हे ठरलेलं. केक उरतो, कुंडा उरत नाही.

शब्दही पाहा. मराठीत वाढदिवस, म्हणजे वाढीचा दिवस. कानडीत हुट्टुहब्ब, जन्माचा सण. शेजारची काकू ‘हुट्टुहब्ब कधी?’ म्हणून विचारते, आज्जी ‘वाढदिवस’ म्हणते आणि मूल स्वतः ‘माझा बर्थडे’ म्हणतं. कानडी शब्दात सण आहे हे मला पटतं. इथे तो खरोखरच सण झाला आहे.

राहता राहिली १ नोव्हेंबरला जन्मलेली मुलं. त्या दिवशी शहराच्या एका भागात कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे आणि ध्वनिवर्धक, दुसऱ्या भागात मराठी लोकांचा काळा दिन, दंडाला काळ्या फिती आणि मूक सायकल फेरी. काही रस्ते बंद, घरातले मोठे कुणी फेरीत. मुलाला नवे कपडे घालायचे तर कोणत्या रंगाचे, इथपासून विचार करावा लागतो. आमच्या गल्लीत असा एक मुलगा आहे. त्याची आई दरवर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस गटावर एकच ओळ टाकते : वाढदिवस एक तारखेला, जेवायला रविवारी या.