डायनोसॉरचं खरं हाड म्हणजे नेमकं किती खरं?

जुलै २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 'एपेक्स' नावाचा स्टेगोसॉरस डायनोसॉरचा सांगाडा ४ कोटी ४६ लाख डॉलरला गेला आणि लगेच नेहमीचे दोन डायलॉग ऐकू यायला लागले. एक, 'ती कुठे खरी हाडं असतात, नुसते दगड असतात.' दुसरा, 'म्युझियममध्ये सगळं प्लॅस्टरच असतं.' दोन्ही अर्धवट खरं आहे, म्हणून जरा खोलात जाऊ या.

दुसरा डायलॉग आधी उरकतो. पूर्ण सांगाडा जवळजवळ कधीच सापडत नाही. एपेक्समध्येसुद्धा साधारण ३१९ पैकी २५४ हाडं मिळाली आणि हा प्रकार प्रचंड भारी मानला जातो. उरलेली जागा साच्यातून काढलेल्या किंवा थ्रीडी प्रिंट केलेल्या हाडांनी भरतात, त्यात लपवाछपवी काही नाही. शिकागोच्या फील्ड म्युझियममधली 'सू' ही टी. रेक्स बघा, सांगाडा बहुतांश खरा, पण धडावर बसवलेली कवटी मात्र नक्कल आहे, कारण खरी कवटी इतकी जड आहे की ती वर पेलवत नाही, म्हणून ती वेगळ्या काचेत ठेवलीय.

आता दगडाचं. मला या विषयात सगळ्यात जास्त आवडतो तो हाच भाग, त्यामुळे थोडं लांबेल.

जिवंत हाड म्हणजे साधारण दोन तृतीयांश खनिज आणि उरलेलं मुख्यतः कोलॅजेन नावाचं प्रोटीन. खनिज असतं हायड्रॉक्सीॲपेटाइट, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचे अतिसूक्ष्म स्फटिक. प्राणी मेला, गाळाखाली पटकन गाडला गेला, की कोलॅजेन हळूहळू जातं, पण खनिज तिथेच राहतं. मग भूजल येतं, त्यात विरघळलेली सिलिका, कॅल्साइट, लोह, मँगनीज असतं आणि हाडाच्या आतल्या सगळ्या पोकळ्यांमध्ये, म्हणजे मज्जेची जागा, रक्तवाहिन्यांच्या नळ्या, पेशींची इवलीशी घरं, यात ते साचत जातं. दुसरीकडे मूळ स्फटिकही बदलतो, पाण्यातलं फ्लोरीन आत शिरून हायड्रॉक्सिलची जागा घेतं आणि फ्लोरॲपेटाइट बनतं, जे जास्त टिकाऊ असतं. फ्लोराइडवाली टूथपेस्ट तुमच्या दातांवर अगदी वरच्या थरात हेच करते, इथे तेच कोट्यवधी वर्षं आतपर्यंत चालतं. पिल्टडाउन मानवाची, म्हणजे माणसाचा प्राचीन पूर्वज म्हणून खपवलेल्या बनावट हाडांची, बनवाबनवी १९५३ मध्ये उघडी पडली त्यात याच फ्लोरीनचा मोठा हात होता, हाडात तेवढं मुरलेलंच नव्हतं!

म्हणजे बऱ्याच जीवाश्मांमध्ये हाडाचं मूळ फॉस्फेट, बदललेल्या रूपात का होईना, अजून तिथेच असतं आणि दगड भोकांमध्ये असतो. रचना इतकी शाबूत राहते की पातळ काप घेऊन मायक्रोस्कोपखाली वाढीच्या रेषा मोजता येतात. सू साधारण २८ व्या वर्षी मेली हे असंच कळलं. 'नुसता दगड' असता तर वय कुठून काढलं असतं?

याच ॲपेटाइटला युरेनियमसुद्धा आवडतं. भूजलातून ते हाडात गोळा होत राहतं, त्यामुळे अमेरिकेतल्या मॉरिसन फॉर्मेशन नावाच्या खडकांच्या थरांमधली काही हाडं चक्क किरणोत्सारी आहेत आणि अशा संग्रहाच्या बंद खोल्यांमध्ये युरेनियमपासून तयार होणारा किरणोत्सारी रेडॉन वायू साचू नये म्हणून हवा खेळती ठेवावी लागते. तेव्हा खरं हाड ओळखायला जीभ लावून बघा, चिकटलं तर हाड, हा जुना फील्डमधला उपाय घरी करू नका. बारीक भोकं जिभेचा ओलावा ओढतात म्हणून ते चिकटतं हे खरंय, पण भोकं सिलिकाने पूर्ण भरली असतील तर खरं हाडही चिकटत नाही. त्यापेक्षा भिंगातून भोकांची जाळी शोधा, आणि अल्ट्राव्हायोलेट लाइट मारा, गोंद आणि भरलेले भाग बहुतेक वेळा वेगळे चमकतात.

सिलिकाने भरलेल्या रंगीत हाडाचे पॉलिश केलेले तुकडे 'प्राचीन ऊर्जा' देतात म्हणून विकले जातात, त्यावर काय बोलणार. युरेनियमवाला तुकडा असेल तर थोडी ऊर्जा खरंच मिळेल, पण ती नको असलेली. चीनमध्ये हेनान भागात गावकरी डायनोसॉरची हाडं 'ड्रॅगनची हाडं' समजून औषध म्हणून उकळून पीत होते हे २००७ मध्ये बातम्यांमध्ये आलं होतं, म्हणजे विज्ञानाचा पुरावा थेट काढ्यात.

हाड काचेत ठेवलं म्हणजे सुटलो असंही नाही. गाळात ऑक्सिजन कमी असेल तर हाडात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज तयार होतं. बाहेर काढल्यावर दमट हवेत त्याचं ऑक्सिडेशन होतं, त्यातून सल्फ्युरिक ॲसिड आणि लोहाचे सल्फेट बनतात, ते जागा जास्त घेतात आणि हाड आतूनच फुटतं, वर पांढरी-पिवळी पावडर दिसते आणि गंधकाचा वास येतो. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की हे जोरात सुरू होतं, म्हणून अशी हाडं सिलिका जेलसोबत कोरड्या डब्यात ठेवतात. चिकटवायला फेव्हिक्विकसारखं काही वापरण्यापेक्षा ॲसिटोनमध्ये विरघळणारं पॅरालॉइड बी-७२ बरं, नंतर काढता येतं. जुन्या काळी हाडाला भोक पाडून लोखंडी सळई घालायचे, आता प्रत्येक हाडाला मापाचा आधार करतात, म्हणजे अभ्यासाला एखादंच हाड काढता येतं.

आणि विकत घेणार असाल तर कागद बघा. अमेरिकेत खाजगी जमिनीतलं हाड साधारणपणे जमीनमालकाचं, पण केंद्र सरकारच्या जमिनीतलं परवान्याशिवाय उचलता येत नाही. मंगोलियातून तर बाहेर नेणंच बेकायदेशीर. २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये १० लाख डॉलरच्या वर विकला गेलेला टार्बोसॉरस, म्हणजे टी. रेक्सच्या नात्यातल्या डायनोसॉरचा सांगाडा, जप्त होऊन २०१३ मध्ये मंगोलियाला परत गेला. हाड कुठल्या थरातून, कुठल्या जागेवरून आलं ही नोंद नसेल तर शोभेला ठीक आहे, पण संशोधकाला त्यातून फार काही काढता येत नाही, कारण तो प्राणी किती जुना आणि आजूबाजूला काय होतं हे त्या थरावरूनच कळतं.