लॅब की गोल्डन? जेवणाच्या आधीची पाच मिनिटं बघा

पिवळा लॅब्रॅडॉर कुत्रा दिसला की "अय्या, गोल्डन!" आणि गोल्डन रिट्रीव्हर दिसला की "लॅब ना हा? केस किती वाढलेत याचे", हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता दुरुस्त करायचंही सोडून दिलंय. तशी ओळख सोपी आहे हो. लॅबचे केस आखूड, दाट, अंगासरशी बसलेले, आणि शेपटी बुंध्याशी जाडजूड, पाणमांजराची असते तशी. गोल्डनचे केस लांब, छातीला, मांड्यांना, शेपटीला झालर. संपलं. पण पिल्लं असली की हेही धड कळत नाही, आणि वागण्यात म्हणाल तर लांबून बघणाऱ्याला दोघं सेमच वाटतात, दोघंही प्रेमळ, दोघंही खादाड, दोघंही अनोळखी माणसाच्या अंगावर उड्या मारणारे. माझ्या घरी दोन्ही आहेत, बंड्या लॅब आणि चिमी गोल्डन, आणि माझं मत विचाराल तर केस-बिस सोडा, जेवणाची वेळ झाली की दोघांना शेजारी शेजारी बघा, खरा फरक तिथे दिसतो.

बंड्याचं आधी सांगते कारण त्याचं सोपं आहे. डब्याचं झाकण. बस्स. बंड्या आतल्या खोलीत उताणा पडून घोरत असू दे, हाक मारा, कान हलत नाही, दारावरची बेल वाजवा, एक डोळा उघडतो आणि मिटतो, पण किबलच्या, म्हणजे कुत्र्यांच्या कोरड्या दाणेदार खाण्याच्या डब्याचं झाकण मी नुसतं सैल केलं, अजून उघडलंही नाही, की स्वारी वळणावर घसरत, कपाटावर आपटत हजर. आल्यावर न सांगता बसतो. बसतो म्हणजे काय, बूड जमिनीपासून दोन बोटं वर अधांतरी, कारण पूर्ण टेकलं तर परत उठण्यात अर्धा सेकंद वाया जाईल ना. मग लाळ. आधी डाव्या बाजूने एक तार, मग उजव्या बाजूने, डावी कायम लांब, ती हळूहळू खाली येते, हवेवर डोलते, मी मनात म्हणते आता तुटेल मग तुटेल, आणि ती नेमकी माझ्याच पायावर तुटते.

चिमीलाही झाकण ऐकू येतं. तीही धावत येते, दारात थांबते, बघते, आणि परत उलटी पळून जाते. हो, परत जाते. कारण तोंडात काहीतरी धरल्याशिवाय जेवायला यायचं नाही असा तिचा नियम आहे. बहुतेक वेळा चप्पल, चप्पल नसेल तर मोजा, एकदा टीव्हीचा रिमोट, एकदा अख्खी उशी जी दारातून आडवी येईना तर ती तिथेच उभी राहून रडत होती. मग ती वस्तू मिरवत माझ्याभोवती दोन फेऱ्या, मागचा अर्धा भाग एवढा हलतो की पुढच्या अर्ध्याला तोल सांभाळावा लागतो, आणि तोंड भरलेलं असल्याने भुंकता येत नाही म्हणून भोंग्यात बोळा कोंबल्यासारखा एक हुंकार. आणि बाऊल समोर ठेवला की खरी पंचाईत. खायचंय, पण तोंडात चप्पल. चप्पल सोडायची नाहीये. बाऊलकडे बघते, माझ्याकडे बघते, परत बाऊलकडे. शेवटी चप्पल बाऊलमध्येच ठेवते आणि तिच्या कडेकडेने खाते.

आता वरवर बघितलं तर दोघंही "जेवणासाठी वेडे" आहेत. मला पण बरेच दिवस तसंच वाटायचं, मग एकदा सहज एक गंमत झाली. किबलचा कप भरलेला, दोघं समोर, आणि मला मधेच फोन घ्यायला जावं लागलं. कप ओट्यावर ठेवला आणि गेले. वळून बघते तर चिमी चप्पल घेऊन माझ्या मागे मागे आलेली, आणि बंड्या तिथेच, ओट्याकडे मान वर करून, पुतळा. फोन चांगला दहा मिनिटं चालला. चिमी माझ्या पायाशी बसून होती. बंड्याने कपावरची नजर काढली नव्हती, खाली लाळेचं तळं. नंतर मी हे मुद्दाम चार-पाच वेळा करून बघितलं, दर वेळी तेच. कप डावीकडे नेला की बंड्याचं नाक डावीकडे, उजवीकडे नेला की उजवीकडे, माझ्या चेहऱ्याशी त्याला काही देणंघेणं नाही. चिमीला चेहराच लागतो, मी तोंड फिरवलं की ती फेरी मारून परत समोर येते.

(प्रत्येक लॅब आणि प्रत्येक गोल्डन असाच असतो असं म्हणत नाहीये, महाखादाड गोल्डनही मी बघितलेत आणि जेवायला नखरे करणारा एक लॅबही. पण साधारण कल हाच.)

तोंडात वस्तू धरण्याचं कारण तर नावातच आहे. रिट्रीव्हर म्हणजे शिकार झालेला पक्षी शोधून, तोंडात धरून, न चावता मालकाकडे आणून देणारा. दोघांचंही मूळ काम तेच, आणि पक्षी चुरगाळला जाऊ नये म्हणून दोघांचीही पकड मऊ. गोल्डनची सुरुवात स्कॉटलंडच्या हायलँड्समधली, लॉर्ड ट्वीडमाउथने १८६८ मध्ये नूस नावाचा पिवळा रिट्रीव्हर आणि बेल नावाची ट्वीड वॉटर स्पॅनियल जातीची कुत्री यांची जोडी लावली तिथपासूनची. लॅबचे पूर्वज मात्र कॅनडातल्या लॅब्रॅडॉर नावाच्या प्रदेशातले नाहीतच, शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावरचे, मच्छीमारांबरोबर बर्फगार पाण्यात उड्या मारून काम करणारे कुत्रे, ते एकोणिसाव्या शतकात जहाजांवरून ब्रिटनमध्ये गेले आणि तिथे त्यांचा आजचा लॅब झाला. म्हणजे आणून द्यायची खोड दोघांतही आहे. खूप आनंद झाला आणि तो कुठे ठेवायचा हे कळेना की गोल्डन काहीतरी उचलतो, लॅबही उचलतो, बंड्या मी घरी आले की हमखास माझा मोजा घेऊन येतो. फक्त जेवणाच्या वेळी नाही. जेवणाच्या वेळी तोंड रिकामं ठेवायचं असतं, एवढी अक्कल आहे त्याला.

आणि बंड्याच्या त्या पुतळा होण्यामागे नुसती हावरट सवय नाही बरं का, हे मला कळलं तेव्हा मला त्याची जरा दयाच आली. केंब्रिज विद्यापीठातल्या एलिनॉर राफन यांच्या टीमने २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जीनमधला डीएनएच्या १४ अक्षरांचा एक तुकडा गायब असतो. हा जीन भूक लागल्याचे आणि भागल्याचे निरोप मेंदूत पोचवण्याच्या साखळीतला, तुकडा गेला की निरोपात गडबड. जीनच्या दोन कॉपी असतात, एक आईकडून, एक बापाकडून, आणि तुकडा गेलेल्या प्रत्येक कॉपीमागे कुत्र्याचं वजन सरासरी २ किलोच्या आसपास जास्त भरलं. त्यांनी इतर बऱ्याच ब्रीड तपासल्या आणि हा बदल सापडला तो फक्त लॅबच्या जवळच्या नात्यातल्या फ्लॅट-कोटेड रिट्रीव्हरमध्ये. आणि मजा म्हणजे अपंग माणसांना मदत करणारे जे असिस्टन्स लॅब असतात त्यांच्यात हे प्रमाण जवळपास तीन चतुर्थांश निघालं. विचार केला तर पटतं, ट्रीटसाठी जीव टाकणारा कुत्राच ट्रेनिंगला भराभर शिकणार ना.

त्याच मंडळींचा २०२४ चा अभ्यास तर अजून भारी. कुत्र्याला आधी जेवू घातलं आणि मग समोर भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात सॉसेज ठेवलं, वास येतोय, दिसतंय, मिळत नाहीये. ज्यांच्यात तो जीनवाला लोच्या होता ते डब्याशी जास्त वेळ झगडत बसले. पण दर वीस मिनिटांनी डबाभर खाणं देत गेल्यावर थांबेपर्यंत सगळ्यांनी साधारण सारखंच खाल्लं. म्हणजे पोट भरल्याचं कळत नाही असं नाही, ते कळतं, पण दोन जेवणांच्या मधे भूक जास्त लागते. वर आणखी, अशा कुत्र्यांचं शरीर आराम करताना साधारण २५ टक्के कमी ऊर्जा जाळतं. भूक जास्त आणि खर्च कमी, घ्या. बंड्याची टेस्ट मी केलेली नाही, पण ओट्याकडे बघणारा तो चेहरा आठवला की निकाल मला माहितेय असं वाटतं.

चिमीच्या चेहऱ्याचंही शास्त्र आहे. भुवया आत ओढून, वर करून ते बिचारं तोंड करतात ना कुत्रे, त्यासाठीचा डोळ्यावरचा स्नायू कुत्र्यांमध्ये चांगला तयार झालेला असतो, लांडग्यांमध्ये तसा नसतो, हे २०१९ मध्ये चिरफाड करून तपासलं गेलंय. त्याआधी २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात २४ कुत्र्यांवर प्रयोग झाला, माणूस समोर तोंड करून उभा आणि पाठ करून उभा, हातात खाणं आणि रिकामे हात. माणसाचं लक्ष असलं की कुत्र्यांनी जास्त चेहरे केले, हातात खाणं आहे की नाही याने काही फरक पडला नाही. हे सगळ्याच कुत्र्यांना लागू, फक्त गोल्डनला नाही, पण चिमी या बाबतीत ऑनर्स केलेली आहे. तिचा जेवणाआधीचा सगळा तमाशा प्रेक्षकासाठी असतो. प्रेक्षक गेला की नाटक तिथे, नट प्रेक्षकाच्या मागे.

विषय निघालाच आहे तर बाकीच्यांचं एकेका ओळीत. बीगल ओरडत नाही, आळवतो, मान वर करून लांबलचक सूर, बाऊल ठेवेपर्यंत. हस्की भांडतो, शब्दांसारखे आवाज काढत उलट उत्तरं देतो. बॉर्डर कॉली मेंढ्यांवर रोखायची तीच नजर तुमच्यावर रोखून, पोट खाली करून बसते, की तुम्हीच स्वतःहून उठून बाऊल भरता. सेंट बर्नार्डबद्दल एवढंच, फडकं जवळ ठेवा.

तर लॅब-गोल्डनचा हा फरक नुसता बघून हसायला नाही, रोज उपयोगी पडतो. लॅबचं "मी तीन दिवसांचा उपाशी आहे" हे तोंड पुरावा म्हणून धरायचंच नाही, जेवण झाल्यावर पंधरा मिनिटांतही ते तोंड तेवढंच खरं वाटतं. आमच्याकडे सुरुवातीला व्हायचं असं की सकाळी मी खायला घालायची, अर्ध्या तासाने घरातलं दुसरं कोणीतरी, बंड्या दोन्ही वेळा तितकाच केविलवाणा, आणि तीन महिन्यांत तो पिंपासारखा झाला. आता खाणं मोजून, वजनकाट्यावर, आणि दिलं की डब्यावर खूण. बरगड्यांवरून हात फिरवला की त्या बोटांना लागल्या पाहिजेत, डोळ्याला ठळक दिसायला नकोत, एवढं सोपं माप आहे. अमेरिकेत ४८ लॅब पिल्लांवर झालेला एक अभ्यास आहे, २००२ मध्ये छापून आलेला, एकाच आईच्या पिल्लांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं, आयुष्यभर. कमी खाणारे साधारण १३ वर्षं जगले, दुसरे ११.२. हे आकडे मी वजनकाट्याच्या वर चिकटवून ठेवलेत, बंड्यासाठी नाही, घरच्यांसाठी.

लॅब गिळतो पण फार, चावणं वगैरे त्याला कमीपणा वाटतो. त्यासाठी आतून उंचवट्यांचा चक्रव्यूह असलेला स्लो फीडर बाऊल मिळतो तो आणला. पहिले दोन दिवस बंड्या खरंच हळू खाल्ला. तिसऱ्या दिवशी त्याने पंजाने बाऊल उलटा केला आणि सगळं जमिनीवरून उचललं, आधीपेक्षा फास्ट. मग खालून रबरी पकडवाला घेतला.

गोल्डनच्या बाबतीत प्रश्न उलटा असतो, उत्साह ओतू जातो आणि खाणं राहतं बाजूला. चिमीच्या तोंडातली चप्पल ओढायची नाही हे मी चपला गमावून शिकले, ओढलं की तिला तो खेळ वाटतो, मग जेवण विसरून रस्सीखेच. नुसता हात पुढे करून "दे" म्हणायचं, दिली की बाऊल खाली. आणि बाऊल ठेवल्यावर आपण तिथे उभं राहायचं नाही, नाहीतर दोन घास, मग माझ्याकडे बघणं, मग दोन घास.

न जेवण्याचा अर्थही दोघांचा वेगळा. बंड्या आजवर एकदाच बाऊलपाशी येऊन, वास घेऊन, मागे फिरला. लाळ नाही, धावत येणं नाही. मी दुसऱ्या जेवणापर्यंत वाटच बघितली नाही, तडक व्हेटकडे, आणि मागची दाढ तुटलेली निघाली, तोंड दुखत होतं बिचाऱ्याचं. त्यानंतर महिन्याभराने चिमीने तसंच केलं. झाकण वाजलं तरी आली नाही, मी घाबरले, दाढा तपासल्या, पोट दाबून बघितलं, व्हेटला फोनही लावला, आणि फोन लागेपर्यंत लक्षात आलं की ती सोफ्यासमोर आडवी पडून खालच्या फटीत नाक घालून बसलीये. चप्पल सोफ्याखाली गेली होती. काठीने काढून दिली, तिने ती तोंडात घेतली, दोन फेऱ्या मारल्या, हुंकार भरला आणि ऐटीत स्वयंपाकघरात जेवायला गेली, तोपर्यंत बंड्याने तिचाही बाऊल चाटून पुसून लख्ख करून ठेवला होता.